एका फळीचा गोतावळा

चीनमध्ये इंग्रजीचा अभ्यास म्हणजे प्रथम शब्दांचे पाठांतर, अशी वहिवाट पडून गेलेली आहे. आणि परीक्षार्थींसाठी छापलेल्या शब्दपुस्तिकांत डावीकडे इंग्रजी शब्द व उजवीकडे त्याचा चिनी अर्थ, अशा दोन रकान्यांच्या शिस्तीत हजारो शब्द ओळीने उभे केलेले असतात. वर्णानुक्रमाने लावलेल्या या पुस्तिकांच्या पहिल्याच पानावर ‘अबँडन’, म्हणजे ‘सोडून देणे’, हा शब्द भेटतो, आणि पुष्कळ विद्यार्थी तो उपदेश शिरसावंद्य मानून पुस्तिका तेथेच मिटतात, हा तिकडे सर्वांच्या तोंडी असलेला विनोद आहे. जे नेटाने पुढे जातात त्यांची पंचाईत मात्र अवघड शब्दांपाशी होत नाही. एखाद्या लांबलचक शास्त्रीय संज्ञेला बहुधा एकच अर्थ असतो, आणि तो कंठस्थ केला की काम भागते. पंचाईत होते ती ‘बोर्ड’ सारख्या आखूड, घरगुती, निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दापाशी.

कारण या शब्दासमोरचा उजवा रकाना भरता भरत नाही. लाकडाची फळी, शाळेतला फळा, कंपनीचे संचालक मंडळ, वसतिगृहातील जेवणखाण, जहाजावर किंवा विमानात चढणे, एवढे अर्थ एका शब्दाच्या अमलाखाली नांदत असतात. चिनी भाषेत यांतील प्रत्येकाला स्वतंत्र शब्द आहे: फळी ती ‘मूबान’, फळा तो ‘हेइबान’, संचालक मंडळ म्हणजे ‘दोंगशिहुई’, राहण्याजेवण्याची सोय म्हणजे ‘शिसू’, आणि विमानात चढणे म्हणजे ‘दंगजी’. पहिल्या दोहोंत ‘बान’ हे अक्षर समान आहे. उरलेल्या तिहींत त्याचा मागमूसही नाही. मराठी मुलाला हा त्रास फारसा जाणवत नाही, कारण आपण हा शब्दच जसाच्या तसा घरात घेतला: दुकानावरचा बोर्ड, बोर्डाची परीक्षा, आणि भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास बोर्डिंग काढल्यावर गरिबाघरच्या मुलांसाठी खेडोपाडी पोचलेले ‘बोर्डिंग’. चिनी भाषेची रीत निराळी. ती परका शब्द सहसा उंबऱ्याबाहेर ठेवते आणि त्याचा अर्थ तेवढा आपल्या अक्षरांत घडवून आत घेते.

तेव्हा शिक्षकाने या शब्दाची वंशावळ सांगावी, हा एक मार्ग झाला, आणि ती वंशावळ रंजकही आहे. प्राचीन इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे फळी. आणि फळ्या जोडून केलेले जेवणाचे मेज तेही बोर्डच. मेजाच्या नावाने मेजावरचे अन्न ओळखले जाऊ लागले, म्हणून पैसे भरून परक्या घरी किंवा शाळेत राहून जेवणारा तो ‘बोर्डर’ झाला. त्याच मेजाभोवती कारभाराची खलबते करणारे ते मंडळ झाले. जहाजाच्या बाजूलाही ‘बोर्ड’ म्हणत, आणि हा मुळात निराळा शब्द असून तो फळीवाचक शब्दात फार पूर्वी मिसळून गेला, असे भाषाशास्त्री मानतात. जहाजाच्या त्या बाजूस भिडून, बहुधा शस्त्रानिशी, वर चढणे हा ‘बोर्ड’ या क्रियापदाचा जुना अर्थ, आणि आज विमानतळावर रांगेत तिष्ठणारा सालस प्रवासी त्या चाचेगिरीचा वारस आहे. मंडळ हा अर्थ तर चीनला अपरिचित असूच नये: छिंग राजवटीच्या सहा खात्यांना, म्हणजे महसूल, विधी, युद्ध, दंड इत्यादींच्या दप्तरांना, एकोणिसाव्या शतकातले इंग्रज लेखक सर्रास ‘सहा बोर्डे’ म्हणत असत.

परंतु वंशावळीवर फार विसंबण्यात धोका आहे. चिनी भाषेत मालकाला ‘लाओबान’ म्हणतात, आणि मुख्य भूमीवरील सुलभ लिपीत त्यातले ‘बान’ फळीच्याच अक्षराने लिहितात. बोर्ड म्हणजे फळी आणि बोर्ड म्हणजे मालकमंडळीही, हा मेळ पाहून चाणाक्ष विद्यार्थ्यास परमानंद व्हावा. पण तैवानात आणि हाँगकाँगमध्ये जुन्या लिपीत तेच ‘बान’ सर्वस्वी वेगळ्या अक्षराने लिहिले जाते, त्यात दाराची चौकट आहे, फळीचे लाकूड नाही. लिपी सुलभ करताना दोन अक्षरांचे एकीकरण झाले, एवढाच त्याचा खुलासा.

माझ्या मते वंशावळीपेक्षा उपयोगी साधन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मुखात आहे. चिनी ‘दा’ या क्रियापदाचा अर्थ मारणे. पण चिनी माणूस फोन ‘मारतो’, चेंडूचा खेळ ‘मारतो’, छत्री ‘मारतो’, विहिरीचे पाणी ‘मारतो’, लोकरीचा स्वेटरही ‘मारतो’, आणि शिंकसुद्धा ‘मारतो’. अकराव्या शतकातील थोर पंडित ओयांग श्यू याने या शब्दाच्या बेबंद वापराबद्दल नाराजी नोंदवून ठेवली आहे, आणि विसाव्या शतकात लिऊ बान्नोंग या भाषापंडिताने त्याचे प्रयोग गोळा करण्याचा उद्योग आरंभिला. हाका, गप्पा, उड्या, फेऱ्या, शेरे आणि शिक्के हे सर्व मारणाऱ्या आपल्यासारख्यांनी यावर हसावे असे काही नाही. ज्या भाषेत ‘दा’ नांदतो तिच्या माणसास ‘बोर्ड’चे पाच अर्थ असंभाव्य वाटण्याचे कारण नाही, एवढे त्याच्या ध्यानी आणून दिले की अर्धी भीती सरते.

उरलेली अर्धी मात्र सहजी सरत नाही, आणि ती का, हे पाहण्यासारखे आहे. चिनी अक्षर एकटे असताना अनेकार्थी असते, पण शेजारी दुसरे अक्षर येऊन जोडशब्द झाला की अर्थ बहुधा ठरून जातो. ‘हेइ’ म्हणजे काळा, तो ‘बान’ला लागला की फळ्याविषयी संशय राहत नाही. ही निवड शब्दाच्या आतच होते. इंग्रजीत ती शब्दाबाहेर, आसपासच्या किरकोळ दिसणाऱ्या शब्दांच्या हाती असते, आणि त्या किरकोळांतला सर्वांत किरकोळ म्हणजे ‘द’. ‘ही इज ऑन बोर्ड’ म्हणजे गृहस्थ जहाजावर किंवा विमानात आहेत, किंवा आपल्या बेतात सामील आहेत. ‘ही इज ऑन द बोर्ड’ म्हणजे ते संचालक मंडळावर आहेत. चिनी भाषेत ‘द’च्या तोडीचा शब्द नाही (आपल्याही नाही), म्हणून तिथला विद्यार्थी तो हमखास गाळतो, आणि त्या एका अक्षरापायी कंपनीच्या संचालकाची रवानगी प्रवाशांत होते. ही चूक दोन रकान्यांची पुस्तिका कधीही सुधारू शकणार नाही, कारण तिच्यात शब्द एकटाच उभा असतो. म्हणून चांगला शिक्षक ‘बोर्ड’ फळ्यावर एकटा लिहीतच नाही. ‘बोर्ड द प्लेन’, ‘रूम अँड बोर्ड’, ‘ऑन द बोर्ड’, असे तो बिऱ्हाडासकट लिहितो, आणि पाठांतर करायचेच तर त्या बिऱ्हाडांचे करून घेतो.

‘अबव्ह बोर्ड’ या प्रयोगापाशी मात्र ही युक्तीही तोकडी पडते. पत्ते खेळणाऱ्याचे हात मेजाच्या वर, सर्वांस दिसतील असे असले की त्यात लबाडी नाही, या समजुतीतून तो निघाला; चिनी भाषेत त्याला ‘ग्वांगमिंग झंगदा’ हा चार अक्षरांचा तयार वाक्प्रचार आहे, आणि त्यात प्रकाश आहे, सचोटी आहे, पण ना मेज, ना पत्ते. तेथे अनुभवी शिक्षक फळीचे नाव न काढता ती चार अक्षरे लिहून देतो आणि पुढच्या शब्दाकडे वळतो.