गुऱ्हाळातली भेंडी आणि गावचं सांडपाणी

दिवाळीचा फराळ संपता संपता हुपरीच्या शिवारात उसाला कोयता लागतो आणि कोल्हापूर जिल्ह्यातली गुऱ्हाळं पेटतात. घाण्यातून काहिलीत आलेला रस हिरवट-काळपट, गढूळ असतो. चुलवाणात चिपाड पडतं, रस तापू लागतो आणि भेंडीची वेळ येते. हिरवी खोडं ठेचून, पाण्यात चोळून काढलेलं बुळबुळीत पाणी रसात पडलं की काही वेळात काळपट मळी साय धरल्यासारखी वर येते. गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्याने ती काढत राहतो, रसाला सोनेरी झाक येईपर्यंत.

रसातला बारीक मळ एकत्र गोळा करून बाजूला काढायचा, एवढंच हे काम. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी पडते तीही याचसाठी.

गढूळ पाण्यातले कण इतके बारीक असतात की ते आपोआप तळाला बसत नाहीत. बहुतेकांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना लोटत तरंगत राहतात. तुरटीतलं ॲल्युमिनियम तो भार मोडतं आणि कणांच्या गुठळ्या होतात. शेवग्याच्या बीतली प्रथिनं धनभारित असल्याने तीही हेच करतात. भेंडीच्या चिकात रेणूंच्या लांबलचक साखळ्या असतात, कण त्यांत अडकतात. चिंचोक्याचं पीठही याच जातीचं; त्याची खळ पूर्वी सुताला दिली जायची, हे इचलकरंजीच्या मागवाल्यांना सांगायला नको.

निवळी या झाडाचं तर नावच त्याचं काम सांगतं. मडक्याच्या आतून तिची बी घासायची आणि पाणी भरायचं, ही जुनी रीत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळण्याचे सात उपाय आहेत. त्यांत पहिलं नाव कतकाचं, म्हणजे निवळीचंच.

सुदानमधल्या बायका नाईलचं गढूळ पाणी शेवग्याच्या बियांनी निवळत. सामिया अल् अझहरिया यान या जर्मन संशोधिकेने 1970च्या दशकात त्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. पुढे मलावीतल्या थ्योलो इथे लेस्टर विद्यापीठाच्या अभियंत्यांनी चालू जलशुद्धीकरण केंद्रातच शेवग्याचं बी वापरून पाहिलं आणि नदीचं गढूळ पाणी चांगलं निवळलं.

सांडपाण्याची गोष्ट मात्र अवघड आहे. त्यात साबण, मूत्र, विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य असतं. ते गुठळ्यांनी जात नाही, त्यासाठी हवा आणि जिवाणूच लागतात. शिवाय बियांचा अर्क स्वतःच सेंद्रिय. मात्रा जास्त झाली तर पाणी पुन्हा नासतं. म्हणून वनस्पतींची खरी जागा पहिल्या टप्प्यात, तरंगता मैला खाली बसवण्यात आहे. तिथे त्या मोलाच्या आहेत. तुरटीने पाण्याचा सामू उतरतो, शेवग्याने तो फारसा हलत नाही. गाळही कमी निघतो आणि त्यात ॲल्युमिनियम नसतं. पण मैल्याच्या गाळात रोगजंतू राहतातच, तो थेट शेतात टाकून चालणार नाही.

हुपरी ही चांदीची नगरी. चांदी धुतलेल्या आम्लयुक्त पाण्याला ही युक्ती लावू नये. ते गटारात न सोडता वेगळं साठवून, आम्ल मारून, धातू काढूनच पुढे जायला हवं. तळाच्या गाळाची किंमत या गावाला शिकवावी लागत नाही. सोनार-कारागिरांच्या राखेतून, धुळीतून धातूचा कण वेचणाऱ्या झारेकऱ्यांचा धंदाच त्यावर उभा आहे.

पंचगंगा नदीच्या काठाला सांडपाण्याच्या प्रश्नाची निकड ठाऊक आहे. 2012 साली शेजारच्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्याने घरं कशी उद्ध्वस्त होतात, ते या भागाने जवळून पाहिलं आहे.

शेवग्याच्या बियांनी गावचं सांडपाणी निवळून पाहायचं, तर सुरुवातीला सहा काचेची भांडी पुरतात. प्रत्येकात एकाच नाल्याचं पाणी, प्रत्येकात बियांची वेगळी मात्रा. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग वीसेक मिनिटं सावकाश, नंतर अर्धा तास हात लावायचा नाही. कुठल्या भांड्यात पाणी निवळलं ते डोळ्यांना दिसतंच, नेमका आकडा प्रयोगशाळा देते. शाळेच्या प्रयोगशाळेतही हे जमेल. फक्त हातमोजे हवेत.

खरी अडचण मालाची आहे. लिटरला 100 मिलिग्रॅम मात्रा धरली, तरी 10 लाख लिटर पाण्याला रोज 100 किलो शेवग्याचं सोललेलं बी लागेल. बांधावरच्या दोन झाडांनी ते भागणार नाही. पण शेवग्याच्या बीत तेल भरपूर असतं, ते विकता येतं. आणि तेल काढून उरलेल्या पेंडीत पाणी निवळणारी प्रथिनं शिल्लकच असतात.