लाख, कुडा आणि केवड्याचं पान

कुड्याचा पांढुरका दांडा लेथवर गरगर फिरत असतो. कातारी पटाशी बाजूला ठेवतो, लाल लाखेची बोटभर कांडी उचलतो आणि फिरत्या लाकडाला टेकवतो. ना ब्रश, ना रंगाचा डबा, ना विस्तव. क्षणार्धात कांडीचं टोक मऊ पडतं आणि लाकडावर लाल पट्टा उमटतो. मग तो केवड्याच्या सुक्या पानाचा तुकडा दुमडून त्या पट्ट्यावर दाबून धरतो. आधी खडबडीत दिसणारा पट्टा पसरतो, सारखा होतो आणि बघता बघता त्यात समोरच्या खिडकीचा उजेड चमकायला लागतो. लेथ थांबवून वस्तू लगेच हातात दिली, तर ती कोमट लागते. रंग वाळायची वाट बघायला नको, कारण वाळण्यासारखं त्यात काही नसतंच.

हे सगळं घडवते ती घर्षणाची उष्णता. लाख साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते आणि ७५ ते ८० अंशांना वितळते. पाच सेंटिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर त्याचा पृष्ठभाग कांडीखालून मिनिटाला सुमारे १५७ मीटर, म्हणजे पळत्या माणसाच्या वेगाने सरकत असतो. एवढं घासणं लाख वितळवायला पुरतं. शिवाय लाकूड हे उष्णतेचं वाईट वाहक. निर्माण झालेली ऊब ते आत ओढून घेत नाही, ती वरच्या वर, नेमकी हवी तिथे राहते. हाच प्रयोग पितळेच्या दांड्यावर केला, तर धातू सगळी ऊब पिऊन टाकेल आणि कांडी कोरडीच घासत राहील. कांडी फार जोरात दाबली की लाख जळून काळी पडते, फार हलकी धरली की लागतच नाही. या दोन्हींमधला दाब कातारी शिकतो तो कानाने आणि मनगटाने. तो पुस्तकात सापडत नाही.

कर्नाटकातलं चन्नपट्टण, आंध्र प्रदेशातलं एटिकोप्पाका, कच्छमधलं निरोणा: या तिन्ही ठिकाणी लाखकामाचं मूळ तत्त्व हेच. हस्तकला पाहायला येणाऱ्या पाहुण्याच्या दृष्टीने तर हा धंदा जणू नवसाने मिळाल्यासारखा आहे. पैठणी विणताना दिवसभर बसून पाहिलं तरी कापड काही बोटंच पुढे सरकतं. मातीचं भांडं वाळायला, भाजायला दिवस लागतात. इथे मात्र ओबडधोबड लाकडाची चकचकीत रंगीत वस्तू पाहुण्याच्या डोळ्यांदेखत, चहा संपायच्या आत तयार होते. म्हणून तर या गावांत पर्यटकांच्या गाड्या थांबतात. पण अडचणही तिथेच आहे. पाहुणा शेवटची पाच मिनिटं पाहतो आणि सगळं काम पाच मिनिटांचंच आहे असं समजून भाव करायला लागतो.

त्या पाच मिनिटांच्या मागे काय असतं, ते सांगायचं तर सुरुवात किड्यापासून करायला हवी. लाख म्हणजे एका इवल्याशा कीटकाचा स्राव. केरिया लाक्का हे त्याचं शास्त्रीय नाव. पळस, बोर आणि कुसुंब ही त्याची आवडती झाडं. अर्धा मिलिमीटरच्या आसपासची पिल्लं कोवळ्या डहाळ्यांवर हजारोंच्या संख्येने पसरतात, सोयीची जागा मिळाली की सालीत सोंड खुपसतात आणि रस प्यायला लागतात. मादी एकदा बसली की आयुष्यभर तिथून हलत नाही. अंगातून राळेसारखा स्राव सोडत ती स्वतःभोवती घर बांधते, शेजारणींची घरं एकमेकींना चिकटतात आणि डहाळीवर जाड तपकिरी कवच चढतं. ते कवच खरवडायचं, कुटायचं, धुवायचं, वितळवून गाळायचं. धुण्याच्या पाण्यात उतरतो तो लाखेचा लाल रंग, जो एके काळी कापड रंगवायला वापरत. देशात सर्वाधिक लाख पिकते ती झारखंडमध्ये. रांचीजवळच्या नामकुमला लाखेच्या संशोधनासाठी १९२४ मध्ये संस्था निघाली, यावरून या पिकाचं त्या काळचं वजन लक्षात यावं. विनाइल येण्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका लाखेच्याच मिश्रणातून छापल्या जात. म्हणजे बालगंधर्वांचा आवाज घरोघरी पोचला, त्यातही या किड्याचा वाटा होता. पांडवांसाठी बांधलेल्या लाक्षागृहामुळे आपल्या मनात लाख म्हणजे आग असं समीकरण बसलं आहे, आणि ते चुकीचंही नाही. लाख चांगली पेटते. पण तिचा खरा गुण आहे तो पुन्हा पुन्हा मऊ होण्याचा आणि पुन्हा पुन्हा घट्ट होण्याचा.

कातारी ही लाख निखाऱ्यावर धरून मऊ करतो, तीत रंग घालतो, ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. रंग सगळीकडे सारखा मुरेपर्यंत ही मळणी चालते आणि मग तिच्या कांड्या वळल्या जातात. बहुतेक ठिकाणी आता बाजारातली तयार रंगपूड वापरली जाते. वराहा नदीकाठच्या एटिकोप्पाकात मात्र सी. व्ही. राजू यांनी हळद, नीळ, शेंद्रीच्या बिया अशा वनस्पतींपासून लाखेत टिकतील असे रंग काढण्याची पद्धत नव्याने बसवली. या कामासाठी त्यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. वनस्पतिजन्य रंग पाण्यात उतरवणं सोपं असतं. ते पाण्यात न विरघळणाऱ्या लाखेत बसवणं ही वेगळीच डोकेदुखी. लहान मूल खेळणं आधी तोंडात घालतं, हे ध्यानात घेतलं की या खटाटोपाचं मोल कळतं.

लाकूड बहुतेक वेळा काळ्या कुड्याचं असतं. कन्नडमध्ये त्याला आले म्हणतात, तेलुगूत अंकुडु. सह्याद्रीच्या रानातही हे झाड आहे, मात्र औषधी बियांच्या पांढऱ्या कुड्याशी त्याची गल्लत करू नये. काळ्या कुड्याचं लाकूड हस्तिदंती रंगाचं, बारीक आणि एकसारख्या पोताचं. सागाला रेषा असतात, कठीण आणि मऊ पट्टे आलटून पालटून येतात, त्यामुळे पटाशी किंचित उडी मारते आणि लाखेचा थरही तिथे कमीजास्त बसतो. कुड्यात ही कटकट नाही. तो मोठा वृक्षही होत नाही, पण खेळण्याला आणि कुंकवाच्या करंड्याला एवढी जाडी पुरे. कापल्यावर लाकूड महिनोन्महिने सावलीत सुकवावं लागतं. घाई केली तर वस्तू विकली गेल्यावर पाहुण्याच्या दिवाणखान्यात तडकते आणि दोष कारागिराच्या माथी येतो. चीक असलेलं हे झाड जळणासाठीही तोडलं जातं. लागवड झाली नाही, तर पुढची पिढी कातारकाम शिकूनही कशावर करणार, हा प्रश्न एटिकोप्पाकात कधीपासून विचारला जातो आहे.

आता लेथ. निरोण्यातले वाढा समाजाचे कारागीर अंगणात बसून अजूनही कमानीच्या लेथवर काम करतात. दोन टोकांमध्ये अडकवलेलं लाकूड, त्याला दोरीचा वेढा आणि ती दोरी ताणलेली लाकडी कमान. एका हाताने कमान पुढेमागे ओढायची, दुसऱ्या हातात हत्यार. लाकूड एकदा पुढे फिरतं, एकदा मागे, आणि हत्यार कापतं ते फक्त एका दिशेच्या फेऱ्यात. म्हणजे निम्मी मेहनत परतीच्या फेरीत जाते. तरीही याच लेथवर लाख चढते, आणि ती कोमट असतानाच हाताच्या हलक्या हालचालींनी रंगांचे पट्टे एकमेकांत नागमोडी शिरवले जातात. कच्छी लाखकामाची ओळख ती हीच नक्षी. लेथ हे यंत्र जुनं आहे. इजिप्तमधल्या पेटोसिरिसच्या थडग्यावर इसवी सनापूर्वी ३००च्या सुमाराचं एक चित्र कोरलेलं आहे, त्यात एक जण पट्टा ओढून लाकूड फिरवतो आणि दुसरा हत्यार धरतो. निरोण्यातला कारागीर ही दोन माणसांची कामं एकटा करतो.

पाहुण्यांसाठी कमानीच्या लेथचा एक मोठा फायदा आहे. हात थांबला की लाकूड थांबतं. आवाज नाही, त्यामुळे काम करता करता बोलता येतं, आणि पोरंसोरं अगदी जवळ बसली तरी भीती कमी. विजेच्या लेथचं तसं नाही. निसटलेलं लाकूड आडवं, म्हणजे कारागिराच्या समोर आणि वरच्या दिशेने उडतं. म्हणून बघणाऱ्यांची बसायची जागा लेथच्या समोर न ठेवता टोकाच्या बाजूला ठेवावी. ओढणी, मोकळे केस, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टा, सगळं आवरून. भुशाची बारीक धूळ फुप्फुसात जाते, तेव्हा हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच, आणि तो पाहुण्यांपेक्षा रोज तिथे बसणाऱ्याला अधिक गरजेचा.

निरोण्यात पर्यटक येतात ते मुख्यतः रोगन कलेसाठी, म्हणजे कापडावरच्या तेलरंगी चित्रांसाठी. २०१४ मध्ये पंतप्रधान मोदींनी अमेरिकेच्या अध्यक्षांना रोगनचं चित्र भेट दिलं आणि या गावाचं नाव दूरवर गेलं. गावात आलेला माणूस मग तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी घंटा घडवणाऱ्या लोहारांकडे आणि लाखकाम करणाऱ्यांकडेही डोकावतो. एकाच कलेच्या जोरावर आडगावी पाहुणा आणणं अवघड; तीन कला शेजारी शेजारी असल्या की अर्धा दिवस कारणी लागतो आणि माणूस जेवायलाही थांबतो. आपल्या सावंतवाडीचं गणित वेगळं. तिथे राजवाड्यानेच दार उघडलं. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी १९७०च्या दशकात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, आणि लाखकाम पुन्हा उभं करायला घेतलं, आणि दरबार हॉलमध्ये बसून चित्रकार काम करताना पर्यटक पाहू लागले. बाजारात पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची रंगवलेली फळं, भाज्या, भातुकली, पाट आणि चौरंग मिळतात. फळांना रंग ब्रशने देतात, त्यामुळे लेथवरच्या लाखेसारखी जादू तिथे दिसत नाही; पण आंब्याच्या देठाजवळची पिवळ्यातून तांबड्यात जाणारी छटा ज्या संयमाने भरली जाते, ती पाहायला थोडा वेळ काढावा लागतो.

नुसते बघे येऊन कला टिकत नाही, याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. बर्कशर परगण्यातल्या बकलबरीच्या माळावर एका झोपडीवजा कारखान्यात जॉर्ज लेली हा कारागीर एल्म लाकडाच्या एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे वाडगे पायाच्या लेथवर काढत असे. लोक त्याला बघायला येत, एच. व्ही. मॉर्टन यांनी १९२७ च्या आपल्या प्रवासवर्णनातही त्याच्याबद्दल लिहिलं. १९५८ मध्ये तो वारला तेव्हा हाताखाली शिकलेलं कुणी नव्हतं. त्याचा लेथ आणि हत्यारं आता रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहेत. पुढे रॉबिन वुड या कारागिराने तीच हत्यारं अभ्यासून हे काम नव्याने शिकून घेतलं, पण मधली काही दशकं ते हातांतून गेलेलं होतं.

म्हणून पाहुण्याला नुसतं बसवू नये, त्याच्या हाती पटाशी द्यावी, असं मला वाटतं. आणि त्याचे वेगळे पैसे घ्यावेत. भोवरा ही पहिली वस्तू म्हणून उत्तम. लहान, गोल, आणि खोटं न बोलणारी: मध्य चुकला तर जमिनीवर सोडताच तो डगमगतो. अर्धा तास घाम गाळून वाकडा भोवरा घेऊन निघालेला माणूस शेजारच्या करंड्याच्या किमतीवर घासाघीस करत नाही. येणाऱ्यांपैकी एखादाच पुढच्या सुट्टीत पुन्हा शिकायला येईल, पण ते चालेल.

विकताना एक गोष्ट मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला हवी. लाखेची वस्तू उष्णतेने जन्मते, तशी उष्णतेने बिघडतेही. लाखेच्या लाटण्याला उकळतं पाणी नको, लाखेच्या तबकावर वाफाळता कप ठेवू नये, गाडीच्या काचेमागे उन्हात खेळणं विसरू नये. स्पिरिटने पुसलं तर रंग फडक्यावर उतरतो. डाग पडला तर सुक्या मऊ कापडाने घासावं. झळाळी गेली असेल तर वस्तू परत कातारीकडे न्यावी, तो ती लेथवर चढवतो आणि केवड्याच्या पानाने थोड्याच वेळात पूर्ववत करून देतो.