सेलेतारचा अदृश्य उतार

ढगात शिरलं की वैमानिकाचा कान त्याला फसवतो: विमान वळत असतं, वाटतं सरळच चाललंय. म्हणून लढाऊ असो वा प्रवासी, भरवसा काट्यांवर. आयएलएस रेडिओलहरींनी साधारण तीन अंशांचा उतार आखतं. दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर. आता सेलेतार विमानतळाचा नकाशा उघडा. हा उतार सामुद्रधुनीपलीकडे, मलेशियातल्या पासिर गुदांगवर जातो. मग आमच्या इमारतींच्या उंचीवर बंधन येणार, हा मलेशियाचा आक्षेप. मला तो रास्त वाटतो. त्यांनी 2 जानेवारी 2019 पासून तिथलं आकाश लष्करी हालचालींसाठी राखीव केलं. एप्रिलमध्ये सिंगापूरने आयएलएस मागे घेतलं, मलेशियाने राखीव क्षेत्र स्थगित केलं आणि जीपीएसवर आधारित पद्धत आखायचं ठरलं.