एक्स-रे काढणारे नुसतं बटण दाबत नाहीत!

"श्वास आत घ्या… धरून ठेवा… हलू नका!"

सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात हे दिवसभर ऐकू येतं. त्यामागचं शास्त्र बघा:

🔹 छातीचा फोटो काढताना क्ष-किरण तंत्रज्ञ आपल्याला छाती टेकवून उभं करतात आणि ट्यूब सहा फुटांवर ठेवतात. त्यामुळे हृदयाची सावली उगाच मोठी पडत नाही.
🔹 खांदे पुढे घेतले की खांद्याची पाती फुफ्फुसांवरून बाजूला सरकतात.
🔹 श्वास भरून घेतला की फुफ्फुसं फुलतात आणि क्षयाचा डाग नीट दिसतो.

तंत्रज्ञांच्या छातीवरचा बिल्ला म्हणजे टीएलडी बॅज. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला, याची तो नोंद ठेवतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमानुसार कर्मचाऱ्यासाठी कोणत्याही एका वर्षाची कमाल मर्यादा ३० मिलिसिव्हर्ट आहे.

आपण एवढं करूया: गरोदर असल्याची शंका असली तरी आधी सांगा, मंगळसूत्र-ताईत काढून ठेवा, जुने फोटो सोबत न्या.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. म्हणूनच ८ नोव्हेंबर हा जागतिक रेडिओग्राफी दिन. त्या दिवशी आपल्या रुग्णालयातल्या तंत्रज्ञांना आवर्जून शुभेच्छा द्या! 🙏