मोटर चालू झाली की काटा का नाचतो?

आजचा विषय खताचा नाही, किडीचाही नाही, तारेचा आहे. आणि त्यातली पहिली चूक माझीच आहे.

दोन वर्षांपूर्वी केळवे-माहीमकडे एका पानमळ्यात गेलो होतो. विहीर मळ्याच्या खालच्या टोकाला, टाकी घरामागे, मधले अंतर तीनशे मीटर. टाकीत पाणी किती, ते विहिरीवरच्या खोलीतच कळावे म्हणून त्यांनी टाकीत सेन्सर आणि स्टार्टरशेजारी काट्याचे मीटर बसवले. चर एकदाच खणायचा, तेव्हा विजेची केबल आणि सेन्सरची तार एकाच पाइपात घाला, असा सल्ला मी दिला. मजुरी वाचली. पण एका रात्री मीटर अर्धी टाकी दाखवत राहिले आणि टाकी वाहत राहिली. पानवेलीला पाणी वरचेवर हवे, पण बुडाशी साचलेले चालत नाही. पुढच्या महिन्याभरात मूळकुजीने दोन वाफे गेले.

घरची सून म्हणाली, "साहेब, मोटर बंद असली की काटा गप्प बसतो." निम्मे निदान तिने तिथेच केले. उरलेले तिच्या भावाने केले. तो बोईसरला तारापूर एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट फिटर आहे.

त्याचे म्हणणे असे. मोटरच्या केबलभोवती विजेचा प्रभाव असतो. शेजारून समांतर गेलेली बारीक तार तो झेलते. सेन्सरचा इशारा जेमतेम पाच व्होल्टचा. त्यात ही भेसळ झाली की काटा नाचणारच. भजनी मंडळाच्या माईकची तार विजेच्या वायरजवळून नेली की कर्ण्यातून घूंऽऽ असा आवाज येतो, तोच हा प्रकार.

दुसरी गोष्ट तारेच्या रोधाची. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध तीनशे मीटरला सुमारे ११ ओहम होतो. सेन्सरला लागणारा २० मिलिअँपिअर प्रवाह त्याच तारेतून परतत असेल, तर ०.२२ व्होल्टचा फरक पडतो. दहा फुटी टाकीत ही पाच इंचांची चूक झाली.

मग कारखान्यांत कसे चालते? तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, त्याआधीपासून उद्योगांत यावर तोड निघालेली आहे. इशारा व्होल्टमध्ये न पाठवता प्रवाहात पाठवायचा: रिकाम्या टाकीला ४ मिलिअँपिअर, भरलेल्या टाकीला २०. तार लांब असली तरी सेन्सर तेवढाच प्रवाह रेटतो. २४ व्होल्टच्या पुरवठ्यातून अर्धा व्होल्ट तारेत गेला तरी आकडा बदलत नाही. आणि रिकाम्याला शून्य का नाही? कारण शून्य आले की तार तुटली, हे कळते. मला तर ही युक्ती फारच आवडली.

आम्ही नवा चर खणला, विजेच्या केबलपासून दोन फूट लांब. जिथे ओलांडणे भागच होते तिथे काटकोनात ओलांडली. तार घेतली ती पीळ दिलेल्या जोडीची, वर जाळीचे कवच असलेली. पिळामुळे दोन्ही तारांवर भेसळ सारखीच बसते आणि बरीचशी एकमेकींत जिरते. कवच फक्त मीटरच्या बाजूला अर्थिंगला जोडायचे. दोन्ही टोके जोडली तर दोन अर्थिंगमधल्या फरकाने कवचातूनच प्रवाह वाहतो आणि रोग परत येतो. मधे सांधा ठेवला नाही. आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात खारी हवा. चिकटपट्टीचा सांधा एक पावसाळाही धड निघत नाही. वीज कडाडू लागली की तार दोन्ही टोकांना सोडवून ठेवण्याची सवयही त्यांनी लावून घेतली आहे.

मात्र खरे सांगायचे तर दहांतल्या आठ घरांना मीटर लागतच नाही. टाकी भरली की मोटर बंद व्हावी एवढेच हवे असते, आणि त्याला फ्लोट स्विच पुरतो. त्याचा इशारा चालू किंवा बंद एवढाच, त्यामुळे लांब तारेने फारसे बिघडत नाही. फक्त त्या तारेतून थेट २३० व्होल्ट नेऊ नका. २४ व्होल्टची रिले स्टार्टरपाशी बसवून घ्या आणि हे काम वायरमनकडूनच करा. टाकीत उतरून शेवाळ काढणारे बहुधा घरचेच पोर असते.