मंत्राचे मोल आणि मोजमाप

मंत्रजपाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन ठरावीक मते ऐकू येतात. एका पक्षाला मंत्र म्हणजे सर्व व्याधींवरील रामबाण उपाय वाटतो, तर दुसऱ्याला तो निव्वळ भाबडेपणा वाटतो. वस्तुतः दोघेही मंत्राकडे चमत्काराच्याच अपेक्षेने पाहत असतात. एकाला तो दिसतो, दुसऱ्याला दिसत नाही, एवढाच फरक. मंत्राच्या आधाराने केलेले ध्यान मुळात कोठून आले आणि त्यापासून नेमके काय मिळते, याचा शांतपणे विचार करणे आज अगत्याचे झाले आहे. कारण मनःशांतीचा आता मोठा व्यापार झाला आहे, आणि परीक्षेच्या धास्तीने ग्रासलेला विद्यार्थी व रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा नोकरदार हे त्या व्यापाराचे हक्काचे गिऱ्हाईक ठरले आहेत.

मंत्र मुळात यज्ञाचा. ऋषींनी रचलेल्या ऋचा यज्ञप्रसंगी उच्चस्वराने म्हटल्या जात. त्या शब्दांना अर्थ आहे की केवळ ध्वनीलाच महत्त्व आहे, हा वादही तितकाच जुना आहे. मंत्र निरर्थक असतात, असे कौत्स नावाच्या आचार्याचे मत यास्काने आपल्या निरुक्तात नोंदविले आहे. आणि आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा अपराध नव्हे, अशा शब्दांत त्याला खरमरीत उत्तरही दिले आहे. पुढे मंत्र यज्ञवेदीवरून मनात शिरला. विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दसपट श्रेष्ठ, ओठांतल्या ओठांत केलेला जप शंभरपट आणि मानसजप हजारपट श्रेष्ठ, अशी चढती श्रेणी मनुस्मृती सांगते. गीतेच्या दहाव्या अध्यायात सर्व यज्ञांमध्ये जपयज्ञाला भगवंताची विभूती म्हटले आहे. पतंजलीने प्रणवाच्या जपाला अर्थचिंतनाची जोड दिली. यज्ञाला समिधा, तूप आणि पुरोहित लागतो. मानसजपाला स्वतःच्या मनावाचून दुसरे साहित्य लागत नाही. हे स्थित्यंतर भारतीय विचाराच्या इतिहासात सामान्य नव्हे.

तरीही अधिकार आणि दीक्षा यांचे कुंपण शिल्लक होतेच. महाराष्ट्रातील संतांनी नामस्मरणाचा मार्ग सर्व जातींच्या स्त्रीपुरुषांना मोकळा करून ते मोडले. बाबाजींनी स्वप्नात ‘रामकृष्णहरि’ हा मंत्र दिला, असे तुकोबांनी स्वतःच अभंगात सांगून टाकले. गुरूने कानात सांगावयाचा आणि शिष्याने जिवापाड जपावयाचा मंत्र अशा रीतीने चव्हाट्यावर आला आणि आज तो वारीच्या वाटेवर टाळमृदंगाच्या गजरात हजारोंच्या मुखी असतो. उघड झाल्याने त्याचे तेज उणावले, असे कोणा वारकऱ्यास वाटत नाही.

प्रयोगशाळेतील मंत्र

विसाव्या शतकात हाच मंत्र सातासमुद्रापार गेला, तो मात्र पुन्हा गुप्ततेचे वस्त्र पांघरून. ज्योतिर्मठाचे शंकराचार्य ब्रह्मानंद सरस्वती यांचे शिष्य महर्षी महेश योगी यांनी १९५८ मध्ये आपली पहिली जगयात्रा आरंभिली. १९६८ मध्ये बीटल्स हे गायकवृंद त्यांच्या हृषीकेश येथील आश्रमात आले आणि ‘भावातीत ध्यान’ जगभर गाजू लागले. सकाळ-संध्याकाळ वीस वीस मिनिटे, डोळे मिटून, मनातल्या मनात मंत्राचे आवर्तन, अशी ही सोपी पद्धत. परंतु मंत्र प्रत्येकाला वेगळा द्यावयाचा, तो कोणाला सांगावयाचा नाही आणि शिकण्यासाठी शुल्क भरावयाचे, अशी तिची व्यवस्था.

या ध्यानाची शास्त्रीय तपासणी झाली, ही महर्षींच्या चळवळीची मोठी देणगी मानली पाहिजे. रॉबर्ट कीथ वॉलेस यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ध्यानकाळात प्राणवायूचा वापर आणि नाडीचा वेग कमी झाल्याचे आढळले. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन हे त्यांचे सहकारी. पण ते एक पाऊल पुढे गेले. गुप्त मंत्राऐवजी ‘एक’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द प्रत्येक उच्छ्वासाबरोबर मनात म्हणावयास लावला, तरी शरीर तसेच विसावते, असे त्यांनी दाखविले. शांत जागा, सुखकर बैठक, पुन्हा पुन्हा उच्चारण्याचा शब्द आणि मन भरकटले तरी न चिडता ते परत आणण्याची वृत्ती, एवढी सामग्री त्यांनी पुरेशी मानली. २००१ मध्ये ल्युचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी व्यक्तींकडून लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणिपद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र म्हणवून घेतला. दोन्ही वेळी श्वसन मिनिटाला सुमारे सहा इतके मंदावले आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. धर्म दोन, भाषा दोन, परिणाम एकच!

लाभाची मर्यादा

मात्र येथे हुरळून जाऊन चालणार नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये रक्तदाबासाठी भावातीत ध्यानाचा विचार करण्यास हरकत नाही, असे सावध मत दिले. औषधे टाकून द्या, असे मुळीच म्हटले नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ध्यानाच्या विविध पद्धतींवरील ४७ चाचण्यांचा आढावा घेतला. मंत्रध्यानाच्या बाबतीत त्यांना उपलब्ध पुरावा दुबळा वाटला, आणि व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ध्यान सरस असल्याचे कोठेच दिसले नाही. तात्पर्य, मंत्रध्यानाने शरीर विसावते, श्वास संथ होतो, हे खरे. त्याने आजार बरा होतो किंवा परीक्षेत गुण वाढतात, असा दावा करण्यास आधार नाही.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न्यू जर्सीतील सरकारी शाळांत हे ध्यान शिकविले जात असता, त्यातील शिकवण आणि दीक्षेच्या वेळची पूजा धार्मिक स्वरूपाची आहे, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने १९७९ मध्ये दिला आणि तो वर्ग बंद झाला. श्रद्धेला शास्त्राचा अंगरखा घालून वर्गात आणले, तर श्रद्धेचीही प्रतिष्ठा जाते आणि शास्त्राचीही. भक्ताने नाम प्रेमाने घ्यावे. अश्रद्धाने हवा तो शब्द निवडावा. दोघांनाही विसावा मिळेल. पण एकाची साधना दुसऱ्यावर लादू नये.

नामस्मरणाला आपल्या संतांनी मोबदला मागितला नाही, गुप्ततेची अट घातली नाही. त्यांनी मागितले ते फक्त सातत्य. आणि प्रयोगशाळेतील निष्कर्षांचाही रोख त्याच दिशेने आहे. रोजची वीस मिनिटे ज्याची त्यालाच काढावी लागतात. ती कोणाला विकत घेता येत नाहीत आणि कोणाला विकताही येत नाहीत.