मोठ्या अक्षरांतील जुनी कादंबरी

अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये अधूनमधून जुन्या पुस्तकांची विक्री करतात. कपाटे भरून गेलेली असतात, एकाच कादंबरीच्या अनेक प्रती पडून राहिलेल्या असतात; त्यांवर ‘रद्द’ असा शिक्का मारून त्या नाममात्र किमतीस दिल्या जातात. अशा विक्रीत जॉन ग्रिशम यांची एखादी कोर्टकचेरीची रहस्यकादंबरी हटकून सापडते. कधीकधी तिच्याच शेजारी तीच कादंबरी मोठ्या अक्षरांत छापलेली, जाडजूड, अशीही ठेवलेली असते. धडधाकट नजरेचा ग्राहक पहिली प्रत उचलतो. मग दुसरी कोणासाठी?

साध्या कादंबरीचे अक्षर साधारणतः दहा-बारा पॉइंटांचे असते. मोठ्या अक्षरांच्या पुस्तकात ते सोळा पॉइंट वा त्याहून मोठे असते. ओळी सुट्या, शाई गडद आणि कागद चकाकी नसलेला. फ्रेडरिक थॉर्प यांनी १९६४ साली इंग्लंडमधील लेस्टरशायर परगण्यात अशा पुस्तकांचे प्रकाशन सुरू केले. त्यांची आरंभीची पुस्तके आकारानेही मोठी होती. वृद्ध हातांना ती पेलेनात, तेव्हा आकार नेहमीचा करून अक्षर तेवढे मोठे ठेवण्यात आले.

उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग क्षीण झाला, तर केवळ चष्मा बदलून भागत नाही. कोणाकडून तरी वाचून घ्यावे म्हटले, तर रहस्यकथेच्या बाबतीत ते मोठे अवघड! ऐन उलटतपासणीत साक्षीदार गडबडतो आणि नेमके त्याच वेळी वाचून दाखविणाऱ्या सूनबाईंचे दूध उतू जाते. पुढे काय झाले हे कळण्यासाठी संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच्या सवडीची वाट पाहणे ज्यांच्या नशिबी आले आहे, त्यांनाच स्वतःच्या डोळ्यांनी पान उलटण्याचे मोल ठाऊक.

ग्रंथालयांतील अशा पुस्तकांत पुष्कळदा एक गमतीची गोष्ट आढळते. एखाद्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेली बारीक फुली, टिंब किंवा नावाचे आद्याक्षर. आपण हे पुस्तक वाचले आहे, हे पुढच्या खेपेस ओळखता यावे म्हणून वृद्ध वाचक ही खूण करून ठेवतात. ग्रंथपालांना हे रुचत नसेलही. मला मात्र त्या खुणा पाहून पुस्तक अधिकच आपलेसे वाटते.

पुस्तकसंग्राहकांचे गणित याच्या अगदी उलट. मिसिसिपी राज्यात वकिली करणाऱ्या ग्रिशम यांची ‘अ टाइम टू किल’ ही पहिली कादंबरी १९८९ साली अवघ्या ५,००० प्रतींची निघाली व त्यांतील १,००० प्रती लेखकाने स्वतःच विकत घेतल्या. १९९१ साली आलेल्या ‘द फर्म’ने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले आणि त्या पहिल्या आवृत्तीला भारी किंमत येऊ लागली. शिक्का मारलेल्या, मोठ्या अक्षरांच्या प्रतीकडे हे संग्राहक सहसा ढुंकूनही पाहत नाहीत. एका परीने ते बरेच आहे. ती गरजूला स्वस्त मिळते.

कोणी म्हणेल, अशी पडत्या भावाने विक्री प्रकाशकास कशी चालते? तोही प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला होता, आणि तोही एका कादंबरीवरूनच. ‘द कास्टअवे’ या कादंबरीत प्रकाशकाने, ती एक डॉलरपेक्षा कमी किमतीस विकू नये, अशी सूचना छापली होती. न्यूयॉर्कच्या मेसी या दुकानाने ती ८९ सेंटांना विकली. प्रकाशकाने दावा लावला. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, लेखाधिकाराच्या बळावर प्रकाशकास पुढच्या विक्रीची किंमत बांधून देता येत नाही.

अशी प्रत विकावयास काढणाऱ्याने अक्षर किती पॉइंटांचे, शिक्के कोठे आहेत आणि बांधणी खिळखिळी आहे काय, हे स्पष्ट सांगावे. पुस्तकाचे वजनही सांगावे. संधिवात झालेल्या हातांना त्याचा विचार करावा लागतो. आणि शेवटची पाने अवश्य तपासावीत, कारण खटल्याच्या कादंबरीत निकाल तिथेच लागलेला असतो.